साधं की भारीतलं?

काकांनी हँडब्रेक ओढला, ट्रकचं दार ढकललं आणि खाली उडी मारली. उडी म्हणायची आपली. खरं तर एक पाय आधी उतरला आणि दुसरा सवडीनं मागून आला. रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलून त्यांनी तो मागच्या चाकाखाली सरकवला, पायानं दाबून पाहिला, आणि मगच पाठ सरळ केली.

चढाचं वळण अर्धं झालं होतं, अर्धं राहिलं होतं. मागच्या हौद्यात लाकडी चौकटीला टेकून खिडक्यांची तावदानं उभी होती, मध्ये गवत आणि जुन्या रजया कोंबलेल्या. एकही तडकलं नव्हतं. इंजिन मात्र जागच्या जागी धापा टाकत होतं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी तो हलवत राहावं तसा आवाज हल्ली चढ आला की सुरू होई, आणि जसजसा ॲक्सिलरेटर दाबावा तसतसा वाढत जाई. आज तर गाडी ओढेनाशीच झाली.

काकांनी इंजिन बंद केलं. चढावर एकदम शांत झालं. ते पायरीवर बसून राहिले. मागून येणारे हॉर्न वाजवत, वळसा घालून पुढे जात. एकानं खिडकीतून विचारलंही, "काय काका, म्हातारा बसला वाटतं?"

"बसला नाही," काका म्हणाले, "दम खातोय."

दम खाऊन झाल्यावर ट्रक रखडत वर पोचला. तावदानं उतरवली गेली. पण काचेच्या दुकानाच्या शेठना तोवर फोन गेला होता. काका परत आले तेव्हा शेठ गल्ल्यावर चष्मा पुसत बसले होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

"काका, वरच्या नव्या घरांचं काम मोठं आहे," शेठ म्हणाले. "रोज खेप जाणार. तुमच्या हातचं एक तावदान कधी फुटलेलं मला आठवत नाही. पण अध्येमध्ये ट्रक थांबला, मागे घसरला, तर काचेचं जाऊ द्या हो, तुमचं काय होईल? या आठवड्यात काहीतरी बघा. नाहीतर मला दुसरा ट्रक लावावा लागेल."

"बघतो," काका म्हणाले.

सगळे त्यांना काकाच म्हणत. पेट्रोलवर चालणारा तो छोटा ट्रक आणि काका इतकी वर्षं बरोबर होते की कोण कुणासारखं दिसायला लागलंय हे सांगणं कठीण होतं. दोघांचंही एक दार नीट लागत नाही, असं काकू म्हणायच्या. काकांना एका कानानं कमी ऐकू येई.

दुपारी ते ट्रक घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. काका त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. रुग्णालयात डॉक्टरच्या तोंडाकडे असेच बघत ते उभे राहिले होते.

"नॉक मारतंय," मिस्त्री म्हणाला. "आत कार्बन धरलाय. वय झालं. भरता कुठलं?"

"साधं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. आमच्या घरी सगळंच साधं असतं."

"मग हे आत्ताच कसं सुरू झालं? त्या चढावर तर तुम्ही कधीपासून जाताय."

"ते मला विचारता? मिस्त्री तुम्ही की मी?"

मिस्त्री हसला, हात पुसत म्हणाला, "एकदा भारीतलं घालून बघा. जुनं इंजिन आहे, कधीकधी ऐकतं."

पंपावर दोन नळ्या होत्या. एक नेहमीच्या पेट्रोलची. दुसरीवर मोठ्या अक्षरांत प्रीमियम लिहिलेलं. पण तो शब्द पाटीवरच राहिला. लोकांनी आपली नावं ठेवून टाकली होती: साधं आणि भारीतलं.

"ती थेरं नकोत," काका म्हणाले. "पोराची गाडी पिते तेवढं पुरे आहे आमच्या घराला."

मिस्त्रीनं मान खाली घातली. पोराचा विषय निघाला की सगळेच हल्ली मान खाली घालत. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग इंजिन खोलावं लागेल. खर्चाचं काम आहे. नाहीतर भंगारवाला आहे ओळखीचा, सकाळी पाठवतो. बघून तर जाईल."

"पाठवा," काका म्हणाले. आपण असं म्हटलं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पोराला सगळे भोवरा म्हणत. घरात, गल्लीत, तो कामाला होता त्या छापखान्यात, सगळीकडे. एका जागी ठरायचा नाही म्हणून. छापखान्यातून आला की चहा उभ्यानंच पिऊन तो ट्रकची किल्ली खुंटीवरून काढे. पेट्रोल भरून आणणं, समोरची काच पुसणं, चाकांतली हवा बघणं, ही त्याची कामं. काकांना पंपावरची रांग आवडत नसे. मग ट्रक लावून तो आपली मोटरसायकल काढी आणि पुन्हा भिरभिरत निघून जाई.

एकदा दुकानातला कारकून काकांना म्हणाला, "तुमचे चिरंजीव मजेत आहेत. काल पंपावर भारीतल्याच्या रांगेत होते." त्या दिवशी जेवताना काकांनी पोराला धरलं.

"भारीतलं भरतोस म्हणे?"

भोवऱ्यानं घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावला. "एखादा लाड असतो, बाबा."

"तुझ्या बुटाचा तळ सुटलाय, तो खिळ्यानं ठोकून वापरतोस, आणि घोड्याला खुराक! इकडे माझा बैल जन्मभर कडब्यावर राबतोय, त्याचं काही नाही."

"बैलाची तब्येत चांगली आहे की," भोवरा म्हणाला. "हल्ली चढावर खोकत नाही म्हणत होतात ना?"

"नाहीच खोकत. मध्यंतरी लागला होता खोकायला, पण आपला आपण बरा झाला. कडबा खाऊन! समजलं?"

"समजलं," भोवरा म्हणाला, आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. काकूंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला होता. त्यानंतर तो घोडा आणि बैल घरात कायमचे बांधले गेले. जेवणाआड एकदा तरी त्यांचा विषय निघे.

मग तापाचं निमित्त झालं. साधा ताप, असं सगळेच म्हणाले. रुग्णालयात, बोलण्याचं त्राण होतं त्या शेवटच्या संध्याकाळी, काकू औषध आणायला खाली गेलेल्या असताना तो म्हणाला होता, "गाडीला भारीतलंच घाला, बाबा. नाहीतर विसराल."

"घालतो रे," काका म्हणाले होते. "तू आधी उठ."

तेव्हापासून काका ते एक काम चुकवत नव्हते. मोटरसायकल त्यांना चालवता येत नव्हती. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी ते ती अंगणात सुरू करत, धूर बघत उभे राहत, मग बंद करून, हातानं ढकलत पंपावर नेत. सकाळच्या पाळीला एक पेंगुळलेला माणूस असे. तो काही विचारत नसे. थोडंसं भारीतलं टाकीत पडे आणि काका गाडी ढकलत परत आणत. ट्रकमध्ये ते आठवण येईल तेव्हा साधं भरत.

मिस्त्रीकडून ते घरी आले तेव्हा काकू दाराशी बसून शिवत होत्या. काकांनी सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"इंजिन खोलायचं म्हणाला. नाहीतर भंगार. सकाळी माणूस येईल."

काकूंनी दोरा दातानं तोडला. "अहो, एक बोलू? ती फटफटी विका. इंजिन करून घ्या."

"त्याची गाडी विकायची नाही."

"मला का हौस आहे? रोज झाडताना तिच्या खालून झाडते मी, तिला हलवतसुद्धा नाही. पण ट्रक गेला तर तुम्ही काय करणार? दिवसभर या ओसरीवर बसून तिच्याकडे बघणार? मला दोघं सांभाळायचे नाहीत. एक न चालणारी फटफटी पुरे."

"मला सांगून गेलाय तो," काका म्हणाले. "मी शब्द दिलाय."

काय सांगून गेला, ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. ते उठले, मोटरसायकलची घोडी पायानं वर केली आणि सुट्टीचा दिवस नसताना, सकाळ नसताना, ती ढकलत रस्त्याला लागले. घरात बसवत नव्हतं, एवढंच कारण होतं.

पंपावर संध्याकाळची गर्दी ओसरत होती. या पाळीला टोपी घातलेली एक ठसठशीत बाई होती. तिनं काकांना पाहिलंच नाही. आधी मोटरसायकल पाहिली.

"अगं बाई, भोवऱ्याची फटफटी!" ती म्हणाली, आणि मग वर बघून, "तुम्ही त्याचे बाबा ना? नाकावरून कळलं. कुठे असतो हल्ली तो? किती दिवसांत फिरकला नाही."

काकांनी तोंड उघडलं. जो शब्द त्यांना बोलायचा होता तो आजवर त्यांनी कुणाशीच उच्चारला नव्हता. ज्याला त्याला आधीच माहीत असे.

"बाहेरगावी," ते म्हणाले.

"लांब?"

"लांबच."

"नोकरी लागली वाटतं. चांगलं झालं हो. पण सांगून तरी जावं! आला की सांगा, ताई रागावलीय म्हणून." बोलता बोलता तिनं साध्याची नळी उचलली.

"ती नको," काका म्हणाले. "भारीतलं."

"हिच्यात?" बाई हसली. "त्याला कळलं तर डाफरेल तुमच्यावर."

"त्याची गाडी भारीतल्यावरच चालते."

"कुणी सांगितलं? काका, मी भरत आलेय ना इतकी वर्षं. आधी ट्रक घेऊन यायचा. तो लावून आला की ही. रांगेत असतानाच खिडकीतून हात काढून ओरडायचा, 'ताई, म्हाताऱ्याला भारीतलं, मला साधं!' ट्रकला म्हातारा म्हणायचा ना. सगळा पंप हसायचा. आता आम्हीसुद्धा कुणी दोन गाड्या घेऊन आलं की तसंच म्हणतो."

काकांनी चांगला कान तिच्याकडे वळवला. "ट्रकला?"

"मग! छापखान्यातल्या मिस्त्रीनं सांगितलंय म्हणे, जुनं इंजिन आहे, काचा घेऊन चढावर जायचं तर ह्याला भारीतलंच पाहिजे. पण घरी कळू देऊ नका, म्हणायचा. बाबांना कळलं तर टाकी उलटी करतील." ती थांबली. तिनं जीभ चावली. "बोलून बसले बघा. पण आता तो नाही, तुम्हीच भरत असाल, तर तुम्हाला माहीत असायला हवंच की. रागावू नका हं त्याच्यावर."

"नाही," काका म्हणाले.

त्यांचा हात मोटरसायकलच्या सीटवर होता. सीटच्या शिवणीतून एक दोरा निघाला होता. तो ते बोटाला गुंडाळत राहिले, सोडवत राहिले. बाईनं टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं.

"अहो, ही तर काठोकाठ आहे. कुठे भरू?"

"राहू द्या," काका म्हणाले. त्यांनी झाकण लावलं. ते एकदा फिरवून लागत असे; त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं.

घरी काकू दिवा लावून वाट बघत होत्या. काकांनी मोटरसायकल जागेवर उभी केली आणि चपला न काढताच ओसरीवर टेकले.

"रुग्णालयात मला म्हणाला होता," ते म्हणाले, "तू औषधाला खाली गेली होतीस तेव्हा. गाडीला भारीतलंच घाला, म्हणाला."

काकू उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"तुला काय वाटतं? गाडीला म्हणजे?"

"गाडी म्हणाला?" काकूंनी विचारलं. "फटफटी नाही म्हणाला?"

"गाडी म्हणाला."

"मग तुमचा ट्रक." त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "लहानपणी तुमचा आवाज वळणावर आला की 'गाडी आली, गाडी आली' करत धावत सुटायचा, आठवत नाही? घरात गाडी म्हणून तीच तर होती. पुढे एवढा मोठा झाला तरी गाडी म्हणजे तीच. त्या फटफटीला तो मेला तरी गाडी..." त्यांचा हात तोंडावर गेला. पदराच्या टोकाशी त्या काहीतरी शोधत राहिल्या. तिथे काही नव्हतं.

काका उठून आत गेले. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, "ती रबरी नळी कुठे असते गं?"

"मोरीमागे. कशाला?"

"सकाळी लागेल."

सकाळी भंगारवाला आला तेव्हा मोटरसायकल आणि ट्रक शेजारी शेजारी उभे होते. मध्ये एक कॅन होता. काकांनी रबरी नळीचं एक टोक मोटरसायकलच्या टाकीत सोडलं होतं, दुसरं तोंडात धरलं होतं, आणि गाल आत ओढून ते पेट्रोल ओढत होते. पेट्रोल एकदम आलं. काका थुंकले, खोकले, नळी कॅनमध्ये सोडली आणि बाहीनं तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेट्रोल तोंडात गेलं की वाहतंच.

"काय काका," भंगारवाला म्हणाला, "आधीच काढून घेताय? मला कोरडाच देणार?"

"आज नको," काका म्हणाले.

"मग उद्या येऊ?"

"उद्याही नको. चहा घेऊन जा."

काकूंनी त्याला चहा दिला. तो ओसरीवर बसून बशीतून चहा पीत होता आणि काका कॅन उचलून ट्रकच्या टाकीत ओतत होते. ट्रकच्या टाकीत तळाला राहिलं होतं तेवढंच. कॅन हलका होत गेला तसा काकांनी तो उलटा करून धरला, शेवटचा थेंब पडेपर्यंत, आणि पडल्यावरही.

दुकानातून तावदानं चढवली. शेठनी रजया नीट बसल्यात का ते स्वतः येऊन पाहिलं.

चढ लागला. काकांनी खिडकीची काच खाली केली, रेडिओ बंद होता तो पुन्हा एकदा बंद केला, आणि मान वाकडी करून चांगला कान इंजिनाकडे धरला. पहिल्या वळणाशी थोडी टकटक झाली. काकांनी पाय जरासा उचलला, पुन्हा दाबला. ट्रक एकदा हिसकला, आणि मग ओढू लागला. वळण आलं. कालचा दगड कडेला तसाच पडला होता. तो गेला. चढ अजून उभा होत होता, मागे तावदानं एकमेकांशी बारीक आवाजात बोलत होती, आणि इंजिन जुन्या माणसानं घोगऱ्या आवाजात गुणगुणावं तसं एका सुरात चाललं होतं. खडे कुठेच नव्हते.

बरेच दिवस ट्रक असाच चालत असे, तेव्हा हे सगळं त्यांना ऐकू आलं नव्हतं. तेव्हा ते चढावर गाणं म्हणत. घरी गेल्यावर सांगत, आपला आपण बरा झाला.

माथ्यावर पोचल्यावर त्यांनी ट्रक बाजूला घेतला. थांबायचं काही कारण नव्हतं. काच उतरवायची जागा अजून पुढे होती. त्यांनी इंजिन मात्र बंद केलं नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते तसेच बसले. मागून आलेल्या एका गाडीवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "काय काका, बंद पडला का?"

काकांनी नुसती मान हलवली. नाही.

संध्याकाळी परत येताना त्यांनी ट्रक पंपावर घेतला. रांग होती. एरवी रांग बघून ते तसेच पुढे गेले असते. आज ते पाळी येईपर्यंत समोरच्याचा मागचा दिवा बघत बसून राहिले.

टोपीवाल्या बाईनं ट्रक ओळखला. लांबूनच तिनं हात केला. "या या! काय म्हणतोय भोवरा? फोन आला का त्याचा?"

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला. इतक्या मोठ्यानं ते कधी बोलत नसत, आवाज चिरकला.

"ताई, म्हाताऱ्याला भारीतलं."

पलीकडच्या नळीवरचा माणूस हसला. बाईही हसली. तिनं भारीतल्याची नळी टाकीत घातली, दांडा दाबला आणि पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत काकांकडे पाहिलं.

"आणि?" ती म्हणाली.

काका समोर बघत होते. समोरची काच धुळीनं भरली होती; कित्येक दिवसांत ती कुणी पुसली नव्हती.

"एवढंच, ताई," ते म्हणाले.

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कुठे जावं ते न कळल्यासारखं. नळी चालूच होती. टाकी भरली. मग तिनं नळी जागेवर अडकवली, खांद्यावरचं फडकं पाण्यात बुडवून पिळलं, आणि मागे हॉर्न वाजत असताना, पुढे येऊन, ट्रकची काच पुसायला लागली.